जगात जर्मनी, परभणीत मॅटाडोर

मंडळी, "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण तुम्ही ऐकली असेलच. पुण्यात कुणाला सांगितलं की मूळ गाव परभणी, तर समोरचा पहिलं वाक्य हेच बोलतो, आणि आम्ही परभणीकर उगाच छाती फुगवून हसतो. म्हण कुठून आली याबद्दल दहा जण अकरा गोष्टी सांगतात, त्यात मी बारावी घालत नाही. पण जर्मनी आणि परभणी यांना खरोखर जोडणारी एक वस्तू आहे. तिला चार चाकं आहेत, नाक चपटं आहे आणि लग्नसराईत तिच्या टपावर हमखास एक लोखंडी कपाट बांधलेलं असायचं. मॅटाडोर!

तर आजचा विषय जुन्या व्हॅन. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा शनिवार वाया जायला नको. जुनी व्हॅन भंगारात घालायची घाई करू नये. नीट ठेवली तर ती अजून बरीच वर्षं कमावून देते, आणि ते का होतं याला इंजिनियरिंगमध्ये सरळ कारणं आहेत. पण एक काम असं आहे की ज्यासाठी ती एक दिवसही वापरू नये. ते कुठलं, ते शेवटाकडे सांगतो.

आधी थोडा इतिहास. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली. हाम्बुर्गची विडाल अँड सोन ही कंपनी 'टेम्पो' नावाने छोट्या मालवाहू गाड्या करायची, तिच्याशी सहकार्य करार होता. म्हणजे 'टेम्पो' हा मुळात जर्मन ब्रँड. आपण त्याचं सामान्यनाम करून टाकलं. आज परभणीच्या मोंढ्यात कुणी "टेम्पो लावलाय" म्हणालं तर तो टाटाचा असेल, महिंद्राचा असेल, कशाचाही असेल. झेरॉक्स आणि डालडाच्या रांगेत बसणारा हा शब्द. मॅटाडोर इकडे आली १९६९ मध्ये. तिकडे जर्मनीत मूळ कंपनी आधी हानोमागने गिळली, मग हानोमागची व्हॅन डाइमलर-बेंझकडे गेली आणि तिथलं ते मॉडेल सत्तरच्या दशकातच इतिहासजमा झालं. इकडे मात्र ती जवळपास २००० सालापर्यंत बनत राहिली. ऐंशीच्या दशकात तिच्यात मर्सिडीजचं ओएम ६१६ हे २.४ लिटरचं डिझेल इंजिन परवान्याने आलं. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं.

आता हे ओएम ६१६ प्रकरण काय आहे बघा. हेच इंजिन मर्सिडीजच्या २४० डी या मोटारीत होतं. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने आपली १९७६ सालची २४० डी २००४ मध्ये मर्सिडीजच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा तिचं रनिंग होतं ४६ लाख किलोमीटर! आता लगेच "वा, काय इंजिन!" असं म्हणू नका. त्या माणसाने एकाच इंजिनावर एवढं अंतर कापलं नव्हतं. त्याच्याकडे जादा इंजिनं होती. एक गाडीत आणि बाकीची दुरुस्तीला, अशी तो आलटून पालटून वापरायचा. माझ्या मते खरी गोष्ट इथेच आहे. गाडी ४६ लाख किलोमीटर चालली कारण ती उघडता येत होती, दुरुस्त करता येत होती आणि पुन्हा बसवता येत होती.

टिकाऊपणा म्हणजे न मोडणं, अशी आपली समजूत असते. आमच्या धंद्यात याच्यासाठी दोन वेगळी मापं आहेत. एक, दोन बिघाडांच्या मधला सरासरी काळ. दुसरं, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ. सर्व्हर किती टक्के वेळ उपलब्ध आहे हे काढताना पहिल्याला दोघांच्या बेरजेने भागतात. हेच गणित व्हॅनला लावून बघू. आकडे माझ्या मनाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा जुनी व्हॅन दर ३० दिवसांनी काही ना काही कुरकुर करते, पण गावातला मिस्त्री अर्ध्या दिवसात ती रस्त्यावर आणतो. ३० भागिले ३०.५, म्हणजे ९८.४ टक्के. समजा नवी व्हॅन १८० दिवस काहीच बोलत नाही, पण जेव्हा बोलते तेव्हा तिला टो करून नांदेडला न्यावं लागतं, तिथे लॅपटॉप लावावा लागतो, सेन्सर मागवावा लागतो आणि चार दिवस जातात. १८० भागिले १८४, म्हणजे ९७.८ टक्के. सहापट कमी वेळा बिघडणारी गाडी उपलब्धतेत मागे पडली!

पुण्यात राहणाऱ्याला हे गणित लागू होत नाही, कारण इथे सर्व्हिस सेंटर दोन किलोमीटरवर आहे आणि ते पर्यायी गाडीसुद्धा देतात. जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात लागू होतं. म्हणजे टिकाऊपणा हा नुसता गाडीचा गुण नाही. गाडी, मिस्त्री, स्पेअर पार्टचं दुकान आणि त्या तिघांमधलं अंतर, या सगळ्यांचा मिळून तो गुण आहे. हे एकदा ध्यानात आलं की मग परभणीत जुन्या व्हॅन का टिकतात हे कोडं राहत नाही.

आता कारणं एकेक करून घेऊ.

पहिलं, इंजिनावर ताण कमी. ओएम ६१६ मधून २.४ लिटरला साधारण ६५ अश्वशक्ती निघायची. आजचं तेवढ्याच आकाराचं डिझेल इंजिन त्याच्या दुप्पट ताकद सहज काढतं. जुन्यात डिझेलचा फवारा मारायला नोझलला शंभर-सव्वाशे बारचा दाब पुरायचा. आजच्या कॉमन रेलमध्ये तो १६०० बार आणि त्याच्याही वर जातो. दाब जितका जास्त, तितकी छिद्रं बारीक आणि तितकं डिझेल स्वच्छ पाहिजे. नव्या इंजिनाचं मायलेज चांगलं असतं, धूर कमी असतो, त्याबद्दल वादच नाही. पण ते लाडावलेलं पोर आहे. जुनं इंजिन कॅनमधून ओतलेलं डिझेलसुद्धा मुकाट्याने पचवायचं.

दुसरं, सामाईक पार्ट. इथे मॅटाडोर सोडून ओम्नीकडे येऊ, कारण मॅटाडोर आता क्वचितच दिसते आणि ओम्नी अजून गल्लोगल्ली आहे. मारुतीने १९८४ मध्ये ही गाडी 'मारुती व्हॅन' म्हणून आणली, १९८८ मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. ३५ वर्षं! हिंदी सिनेमात अपहरण करायचं तर दुसरी गाडी चालतच नव्हती :-) तिच्यातलं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन तेच, जे मारुती ८०० मध्ये होतं. एकाच इंजिनावर दोन इतक्या खपाच्या गाड्या इतकी वर्षं चालल्या म्हटल्यावर पार्टची काय ददात? क्लच प्लेट, वॉटर पंप, रिंग-पिस्टन, सगळं तालुक्याच्या दुकानात टांगलेलं असतं. सॉफ्टवेअरवाल्यांनो, ज्या लायब्ररीचे वापरणारे लाखोंनी आहेत ती लवकर मरत नाही, तसंच हे.

तिसरं, हवा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राची खारी हवा पत्रा खाऊन टाकते. इंजिन ठणठणीत आणि खालून फरशी चाळणीसारखी, अशा व्हॅन तिकडे दिसतात. परभणीत उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा जातो, माणसं भाजून निघतात, पण पत्रा कोरडा राहतो. आमच्याकडचा शत्रू म्हणजे काळी माती. पावसाळ्यात ती चाकाच्या कमानीत लिंपली जाते आणि आत ओल धरून बसते. जो मालक पावसाळ्यात दर आठवड्याला पाण्याचा पाइप खालून मारतो त्याचा पत्रा टिकतो, जो नुसता टप चमकवतो त्याचा सडतो. इतकं साधं आहे. रबरी नळ्या, वायसर आणि बॅटरी मात्र या उन्हात लवकर जातात. तो खर्च धरूनच चालायचं.

चौथं, बिघाड आधी कळतो. यांत्रिक गाडी मरण्याआधी बोलते. क्लच घसरायला लागतो, पाटा कुरकुरतो, शॉकअप ठोके देतो, सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागतो. अनुभवी मिस्त्री कान लावून सांगतो की अजून दोन महिने निघतील. इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट गेलं की गाडी सोमवारी ठीक असते आणि मंगळवारी वीट असते. यालाच आमच्याकडे 'ग्रेसफुल डिग्रेडेशन' असं भारदस्त नाव आहे. मिस्त्री त्याला "सांगून जाते बिचारी" म्हणतो.

तुम्ही म्हणाल, की आज रस्त्यावर दिसतात त्या जुन्या गाड्या चांगल्या, कारण वाईट होत्या त्या केव्हाच भंगारात गेल्या. शंभर टक्के मान्य. हा सर्व्हायव्हरशिप बायस जुन्या वाड्यांपासून जुन्या गाण्यांपर्यंत सगळीकडे आहे. महिंद्राने १९९७ मध्ये मित्सुबिशीच्या व्हॅनवर बेतलेली व्हॉयेजर आणली होती. चांगली दणकट गाडी होती, पण खपली नाही, लवकर बंद पडली आणि पार्ट मिळेनासे झाले. आज ती शोधून दाखवा! म्हणून मी 'जुनं ते सोनं' असं म्हणत नाहीये. मी म्हणतोय की जी जुनी गाडी आज तुमच्या दारात धडधाकट उभी आहे, तिने एक चाळणी पार केलेली आहे आणि हा तिच्याबद्दलचा खरा डेटा आहे. नव्या मॉडेलबद्दल तो डेटा अजून जन्माला यायचाय.

आता पैशांकडे वळू. इथे एक खराखुरा प्रश्न माझ्यासमोर आलेला आहे.

माझ्या मामाचं जिंतूर तालुक्यात एका खेड्यात किराणा दुकान आहे. त्याच्याकडे २०१० सालची ओम्नी आहे, एमएच २२ पासिंग, खासगी नोंदणी, पेट्रोलवर. आठवड्यातून दोनदा परभणीच्या मोंढ्यातून माल आणायचा, हे तिचं मुख्य काम. पंधरा वर्षं भरली आणि मामाचा फोन आला, "आरं, तू कंप्युटरमधला माणूस. ठिवायची का इकायची, हिशोब करून सांग की." म्हणलं, "मामा, रविवारपर्यंत थांबा." एक्सेल उघडलं.

जाणं-येणं शंभर किलोमीटर, आठवड्यातून दोनदा, म्हणजे वर्षाला साधारण १० हजार किलोमीटर. नवी व्हॅन रस्त्यावर येईपर्यंत सहा लाखांच्या घरात जाते असं धरू, आणि पाच वर्षांनी ती तीन लाखांना जाईल. म्हणजे वर्षाला ६० हजार नुसती किंमत घटते. जुनीची किंमत आज लाखभर धरू आणि पाच वर्षांनी ६० हजार. वर्षाला ८ हजार घट. तिच्या दुरुस्तीला नव्यापेक्षा वर्षाला ३० हजार जास्त लागतील असं सढळ हाताने धरू. म्हणजे ६० विरुद्ध ३८. जुनी २२ हजारांनी स्वस्त.

पण पेट्रोल? जुनी लिटरला १४ देते, नवी १८ देईल. १० हजार किलोमीटरला जुनीला ७१४ लिटर, नवीला ५५६ लिटर. फरक १५८ लिटरचा. परभणीत पेट्रोल नेहमीच महाग. २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये दरवाढीच्या काळात परभणीचा भाव देशभरच्या बातम्यांत झळकत होता, कारण टँकर पार मनमाडहून यायचा. लिटरला १०५ रुपये धरले तरी फरक साडेसोळा हजारांच्या वर जातो. म्हणजे जुनीचा फायदा उरला जेमतेम साडेपाच हजार.

इथे थांबलं तर कुणीही म्हणेल, घे बाबा नवी. पण मामाकडे सहा लाख रोख नाहीत. पाच लाखांचं कर्ज, १० टक्के, पाच वर्षं. त्यावर एकूण व्याज साधारण एक लाख ३७ हजार, म्हणजे वर्षाला साडेसत्तावीस हजार. हे घातलं की जुनी वर्षाला ३३ हजारांनी पुढे जाते. उलटं गणित केलं तर असं दिसतं की रोखीने घेणाऱ्याला वर्षाला १३ हजार किलोमीटरच्या पुढे नवी परवडायला लागते, आणि कर्जाने घेणाऱ्याला जवळपास ३० हजार किलोमीटरच्या पुढे. या दोन आकड्यांच्या मध्ये गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोल तेच. बदललं ते फक्त खिशातलं. म्हणून "जुनी गाडी ठेवणं मूर्खपणा आहे" असं जेव्हा कुणी हिंजवडीत बसून म्हणतं, तेव्हा ते स्वतःच्या खिशाचं गणित दुसऱ्याच्या गाडीला लावत असतं. आकडे तुमच्या गाडीचे घालून बघा. दुरुस्तीचे ३० हजार जर ६५ हजार होत असतील तर निकाल उलटतो. मिस्त्रीकडची बिलं जपून ठेवायची ती याच्यासाठी.

आता सरकार. २०२१ मध्ये वाहन स्क्रॅपिंगचं धोरण जाहीर झालं, तेव्हापासून गावाकडे एक पक्का गैरसमज आहे की पंधरा वर्षांनी गाडी जप्त होते. तसं नाहीये. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल ही कडक अट २०१५ च्या हरित लवादाच्या आदेशातून आली आणि ती दिल्ली-एनसीआरपुरती होती. सरकारी मालकीच्या गाड्यांची नोंदणी मात्र १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपुढे वाढवून मिळत नाही. आपल्यासारख्यांच्या खासगी गाडीची तपासणी होते, ती पास झाली की नोंदणी पाच वर्षांनी वाढते. सोबत पर्यावरण कर भरायचा आणि नवी नंबर प्लेट बसवायची.

म्हणजे कागदावर कसोटी फिटनेसची आहे. फी मात्र वयावर आहे. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी आधी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ती ५,००० झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारींसाठी १०,००० झाली. यावर माझा आक्षेप आहे. जी वीस वर्षांची व्हॅन ब्रेकच्या आणि धुराच्या चाचणीत पास होते, तिने शिक्षा का भोगायची? आणि जी सात वर्षांची व्हॅन काळा धूर ओकत फिरते तिला सवलत का? वय हा अंदाज झाला, चाचणी हे मोजमाप झालं. मोजता येत असताना अंदाजावर दंड लावायचा, हे कुठल्याही इंजिनियरच्या पचनी पडणार नाही. चाचणी कडक करा, यंत्रावर करा, दरवर्षी करा, माझी काही हरकत नाही. नापास झाली की भंगारात. पण पास झालेल्या गाडीला जगू द्या.

धुराचा मुद्दा मी टाळत नाहीये. बीएस ४ देशभर लागू झालं २०१७ मध्ये, बीएस ६ आलं २०२० मध्ये, आणि त्याआधीची गाडी, विशेषतः डिझेल, किलोमीटरमागे जास्त घाण सोडते हे उघड आहे. पण घाण किलोमीटरमागे निघते, वर्षामागे नाही. शहरात दिवसाला दीडशे किलोमीटर पळणारी जुनी डिझेल मॅटाडोर मलाही नकोच आहे. आठवड्यातून दोनदा मोंढ्याला जाणारी पेट्रोल ओम्नी ही वेगळी केस आहे, शिवाय तिच्या जागी नवी गाडी तयार करायलाही लोखंड, वीज आणि धूर लागतोच.

आता ते शेवटाकडे ठेवलेलं काम. शाळेची मुलं.

मामाला हिशोब पाठवला तेव्हा तो खूश झाला आणि म्हणाला, "मंग झालं, पोरांच्या फेऱ्या धरल्या तर अजूनच परवडतंय." तेव्हा मला कळलं की गेल्या जूनपासून रोज सकाळी तो गावातली नऊ मुलं जिंतूरच्या शाळेत सोडतोय. मुलामागे महिन्याला ८००. म्हणजे ७,२०० रुपये. खेड्यातल्या किराणा दुकानाला ही रक्कम लहान नाही, मामीची औषधं त्यातून येतात.

तरी मी नाही म्हणालो, आणि का ते इथे लिहितो, कारण तुमच्याही गावाकडे कुणीतरी मामा असेल.

ओम्नीमध्ये ड्रायव्हरच्या पुढे काहीच नाही. इंजिन पुढच्या सीटखाली आहे. काचेच्या आणि गुडघ्याच्या मध्ये पत्रा, बस्स. समोरून धक्का बसला तर तो पिऊन टाकायला जी जागा लागते ती या गाडीला दिलेलीच नाही. २०१९ पासून आपल्याकडे क्रॅश टेस्टचे नियम जुन्या मॉडेलांनाही लागू होणार होते, आणि ओम्नी तिथेच थांबली. तिच्यानंतरची ईको २०१६ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅगशिवाय उभी राहिली तेव्हा तिला शून्य तारे मिळाले होते. ओम्नी तर तिच्याही आधीच्या पिढीची. त्यात मागे समोरासमोर बाकं टाकलेली, बेल्ट नाहीत, सरकता दरवाजा कधी नीट लागतो कधी नाही, आणि नऊ दप्तरं. शिवाय पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन मुलं नेली की विमा कंपनी दावा नाकारायला मोकळी. महाराष्ट्रात शाळेच्या वाहनांसाठी २०११ पासून वेगळे नियम आहेत, ते काही हौस म्हणून केलेले नाहीत.

वर मी जी उपलब्धतेची टक्केवारी मांडली, ती साखरेच्या पोत्यासाठी बरोबर आहे. पोतं फुटलं तर दुसरं आणता येतं. मुलांच्या बाबतीत 'दुरुस्तीला लागणारा वेळ' हा रकानाच भरता येत नाही, म्हणून ते सूत्रच तिथे चालत नाही. जुन्या व्हॅनचं सगळं मोल मान्य करूनही मी हेच म्हणेन. तिने माल वाहावा, मंडपाचे बांबू वाहावेत, भाजी वाहावी. दुसऱ्याची लेकरं वाहू नयेत.

मामा चिडला. "तू आठ तास एसीत बसतू, तुला काय कळायलंय? एस्टी साडेनवाला येती, शाळा साडेसातला भरती. पोरांनी काय उडत जावं का?" त्याचं चुकीचं नाही. पाचवीपासून बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पण बसच वेळेवर नसेल तर पास पाकिटातच राहतो. ओम्नी धोकादायक आहे हे नऊही घरांना माहीत आहे. त्यांच्यासमोरची निवड ओम्नी की स्कूल बस अशी नाहीच, ओम्नी की शाळा सोडणं अशी आहे. विशेषतः मुलींच्या बाबतीत. हे मला पुण्यात बसून दिसलं नव्हतं, मामाने दाखवलं.

म्हणून मी नुसतं "बंद करा" म्हणून फोन ठेवला नाही. आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. एक, सकाळच्या फेरीसाठी आगारात अर्ज. नऊ पालकांच्या सह्या, शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र, सरपंचांचं पत्र. मजकूर मी टाईप करून पाठवला, मामा स्वतः घेऊन गेला. अजून उत्तर नाही. दुसरं, तोपर्यंत शाळेच्या फेरीला पलीकडच्या गावातली परवाना असलेली पिवळी गाडी सांगायची. ती मुलामागे १,२०० मागते. नऊ मुलांचे वरचे ३,६०० रुपये. त्यातले निम्मे मी देतो असं म्हणालो, निम्मे पालकांनी वाटून घ्यायचे. सात घरं तयार झाली, दोन अजून विचार करतायत. मामाचे ७,२०० गेले ते गेलेच. त्याची भरपाई माझ्या एक्सेलमध्ये कुठेच नाही. मोंढ्यातून शेजारच्या दोन दुकानांचा माल आणून त्यांच्याशी पेट्रोल वाटून घ्यायचं, असं तो म्हणतोय.

ओम्नी मात्र ठेवली. नूतनीकरणाआधी मिस्त्रीकडून ब्रेकचे लायनर, चारही टायर आणि स्टिअरिंगचे जॉइंट बदलून घेतले, फरशीला खालून काळा कोट मारला आणि मागची बाकं काढून टाकली. बाकं काढा हे मी सुचवलं होतं. मामा दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी फोटो पाठवला. रिकाम्या जागेत आता साखरेची आणखी चार पोती बसतात.

तुमच्या घरी जुनी व्हॅन असेल आणि ठेवायची की काढायची हा प्रश्न असेल, तर पाच गोष्टी बघा. चेसिसला आणि फरशीला गंज आहे का, पार्ट तालुक्याला मिळतात का, वर्षाला किती किलोमीटर होतात, नवीसाठी कर्ज काढावं लागणार आहे का, आणि मागच्या सीटवर कोण बसतं. पहिल्या चार प्रश्नांचा हिशोब करता येतो. पाचव्याचं उत्तर 'शाळेची मुलं' असेल तर पहिले चार सोडवत बसू नका.